त्या तीन मुली कुणाच्या?

प्रश्न : अमृता शेरगिलच्या चित्रांचं पुस्तक नुकतंच पाहिलं. सरदार घराण्यातली, पॅरिसमध्ये शिकलेली ही मुलगी. तिनं गरीब बायकांचं दुःख रंगवलं ते उसनं नाही का वाटत? – एक वाचक, कराड

उत्तर : तुमच्या मनात बहुधा ‘तीन मुली’ हे १९३५चं चित्र असावं. भडक रंगांचे कपडे, झुकलेल्या नजरा, मागे जवळजवळ मोकळी भिंत. पण त्या मुली गरीब नव्हत्या हो! त्या अमृताच्या नात्यातल्याच होत्या, खात्यापित्या घरातल्या. चित्रात झोपडी नाही, फाटकं काही नाही. मी नववीच्या वर्गात त्याची छापील प्रत लावली होती, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, यांना बघायला येणार आहेत का कुणी?” तीस वर्षं चित्रकला शिकवली, पण या चित्राबद्दल याहून नेमकं मी काही ऐकलेलं नाही.

अमृताचा जन्म १९१३चा, बुडापेस्टचा. आई हंगेरियन गायिका, वडील उमराव सिंग संस्कृत-फारसीचे अभ्यासक आणि हौशी छायाचित्रकार. पहिल्या महायुद्धात हे कुटुंब हंगेरीतच अडकलं, पैशांची ओढाताण झाली. १९२१ मध्ये सिमल्याला आले आणि १९२९ मध्ये चित्रकलेसाठी पॅरिसला गेले. तिथे १९३२ मध्ये तिनं दोन तरुणी रंगवल्या. एक तिची बहीण इंदिरा, नीटनेटकी बसलेली. दुसरी मैत्रीण, मान खाली, मोकळे केस चेहऱ्यावर आलेले. ती उदासी भारतात परतण्याआधीची आहे, हे माझं ठाम मत. इथे येऊन तिला सापडला तो त्या उदासीचा रंग.

आणि त्यात आपल्या अजिंठ्याचा वाटा मोठा आहे. परतण्याआधी, १९३४ मध्येच तिनं पत्रात लिहिलं होतं, की अजिंठ्याचं एक भित्तिचित्र तिला सबंध रेनेसान्सपेक्षा, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनकाळाच्या कलेपेक्षा, मोलाचं वाटतं. १९३६च्या अखेरीस मुंबईत ताजमध्ये तिचं प्रदर्शन झालं, त्याच प्रवासात तिनं अजिंठा-वेरूळ प्रत्यक्ष पाहिलं आणि पुढे दक्षिणेत कन्याकुमारीपर्यंत गेली. त्यानंतरची १९३७ची ‘वधूचा शृंगार’ आणि ‘ब्रह्मचारी’ ही चित्रं ‘तीन मुलीं’शेजारी ठेवून बघा. गेरू, काव, मातकट तपकिरी, आणि त्यात उठून दिसणारा पांढरा. माणसं अंगाला अंग लावून बसलेली, तरी प्रत्येक जण एकटा. माध्यम मात्र कॅनव्हासवरचं तैलरंगच. अजिंठ्याची नक्कल तिनं केली नाही. १९३७ मध्येच बॉम्बे आर्ट सोसायटीनं ‘तीन मुलीं’ना सुवर्णपदक दिलं.

गरिबी तिनं भोगली नव्हती, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. पण आपल्याबद्दल दुसरेच ठरवणार, म्हणून गप्प बसून राहायचं, हे ती घराघरात बघत होती, श्रीमंतांच्याही. ते उसनं कसं म्हणू? १९४१च्या डिसेंबरात लाहोरला ती वारली, तेव्हा अवघी अठ्ठावीस वर्षांची होती. नव्या प्रदर्शनाची तयारी चालू होती.

दिल्लीला गेलात तर जयपूर हाऊसमधल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात तिची चित्रं जरूर बघा. छपाईत ‘तीन मुलीं’मधला लाल काळवंडतो. मी पहिल्यांदा मूळ चित्रासमोर उभी राहिले, तेव्हा वर्गातली ती मुलगी शेजारी असायला हवी होती असं फार वाटलं.