ईएमपीची भीती खरी आहे, पण पिशव्या घेण्याआधी जनरेटरचा कंट्रोलर बघा

बेसा रोडवरच्या ज्या दादांनी विचारलंय ना, की ईएमपी (इलेक्ट्रोमॅग्नेटिक पल्स, म्हणजे उंचावरच्या अणुस्फोटातून निघणारी, इलेक्ट्रॉनिक वस्तू जाळणारी लाट) हल्ल्याचे व्हिडिओ बघून पॅथॉलॉजी लॅबसाठी उपकरणं झाकायच्या त्या चंदेरी पिशव्या आणि ते महागडं 'पल्स गार्ड' घ्यावं का, आणि मागच्या पावसात वीज कडाडली तेव्हा रिएजंटच्या (तपासणीच्या रसायनांच्या) फ्रीजचं कार्ड अन् जनरेटरचं पॅनेल उडालं त्याची साधी नोंद घ्यायलाही एक ऑफिस तयार नाही, त्यांच्यासाठी लिहून राहिलो. दादा, तुमचं दुखणं मी भोगलेलं आहे. मी नागपुरातल्या एका छोट्या हॉस्पिटलचं मेन्टेनन्स बरीच वर्षं बघतो. इंजिनिअरची डिग्री नाही, शास्त्रज्ञ तर नाहीच, त्यामुळे वायरिंगचं काहीही करायच्या आधी परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरला दाखवा.

आधी भीतीचं सांगतो, कारण ती खोटी नाही. ९ जुलै १९६२ ला अमेरिकेनं पॅसिफिक महासागरावर ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा बॉम्ब फोडला, स्टारफिश प्राइम नावाची चाचणी. तिथून साधारण १४५० किलोमीटरवर होनोलुलूत रस्त्यावरचे काही दिवे गेले, चोरांसाठी लावलेले अलार्म आपोआप वाजले. १४५० म्हणजे आपल्या नागपूरच्या झिरो माइलपासून सरळ रेषेत जवळपास कन्याकुमारी, वर धरलं तर श्रीनगर. तेवढ्याच उंचीवर नागपूरच्या डोक्यावर असा स्फोट झाला तर तिथून क्षितिज २२०० किलोमीटरवर पडतं, म्हणजे जवळपास अख्खा देश त्याच्या नजरेत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रशियानं कझाकस्तानवर ३०० किलोटनचा केला, त्यात शेकडो किलोमीटरच्या टेलिफोन लाइनचे फ्यूज उडाले अन् जमिनीत पुरलेली लांबलचक पॉवर केबलसुद्धा बंद पडली. आणि तेव्हा तर बरंचसं जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालायचं, आजच्यासारख्या नाजूक चिपा नव्हत्या.

खाली माणसाला काही होत नाही, ना धक्का ना भाजणं. स्फोटातले गॅमा किरण वरच्या विरळ हवेतले इलेक्ट्रॉन उडवतात, ते पृथ्वीच्या चुंबकत्वात वळतात, त्यातून लाट निघते. तिचे तीन भाग. पहिला ई-१, नॅनोसेकंदांत येतो, मीटरला हजारो व्होल्ट, आणि तो मारतो कंट्रोलर, राउटर, मशिनींची कार्डं. दुसरा आकाशातल्या विजेसारखा. तिसरा ई-३, सावकाश, मिनिटं चालणारा, तो लांब ट्रान्समिशन लाइनींत डीसीसारखा करंट ढकलतो आणि मोठे ट्रान्सफॉर्मर तापवतो. सूर्यावरच्या वादळानं पण हेच होतं, १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्युबेकची ग्रिड (विजेचं जाळं) दीड मिनिटात झोपली, साठ लाख लोक नऊ तास अंधारात. म्हणून मी म्हणतो की शत्रू नसला तरी ही तयारी वाया जात नाही.

देशासाठी खरं दुखणं ट्रान्सफॉर्मरचं आहे. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रिड कोसळल्या, साठ कोटींवर लोकांची वीज गेली, आपली पश्चिम ग्रिड टिकली म्हणून नागपुरात दिवे होते. पण ते सगळं त्याच दिवशी बऱ्यापैकी परत आलं कारण काही जळलं नव्हतं, फक्त ट्रिप झालं होतं. ईएमपीमध्ये जळू शकतं. ४०० आणि ७६५ केव्हीचे ट्रान्सफॉर्मर ऑर्डर देऊन बनवावे लागतात, महिनोन्महिने लागतात, न्यायला खास ट्रेलर लागतो, अन् एकाच वेळी दहा ठिकाणी जळले तर रांगेत पहिला नंबर कोणाचा? २०१३ च्या शेवटी दक्षिण ग्रिडही जोडली गेली, देश एकाच फ्रिक्वेन्सीवर आला, त्याचा फायदा मोठा आहे, पण अशा वेळी काय होईल हे बोलायला कोणी तयार नाही याचा मला खूप राग येतो. कोराडी, खापरखेडा हे वीज प्रकल्प इतके जवळ असून उपयोग काय, थर्मल प्लांट पूर्ण थंड पडला तर त्याला उठवायलाही बाहेरून वीज लागते, म्हणून अशा वेळी आधी जलविद्युत उठवतात. आणि आपलं पाणी? पेंचचं पाणी घरापर्यंत येतं ते पंपांवर. वीज गेली की दोन दिवसात पाण्याचं भांडण सुरू होतं, वीज हा नंतरचा विषय राहतो.

आता तुमच्या ऑफिसवाल्या गोष्टीवर येतो, माझं सगळ्यात जास्त नुकसान तिथंच झालं. जूनची पहिली कडकडाटी वीज, हॉस्पिटलच्या मागच्या खांबाजवळ पडली. जनरेटरचं इंजिन धडधाकट, डिझेल भरलेलं, बॅटरी फुल, पण ऑटो-स्टार्टचा कंट्रोलर आणि इंजिनाचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर मेलेला, मग इंजिन काही केल्या चालू होईना. बघा, ई-१ नेमकं हेच करतो, लोखंड सोडतो आणि कार्ड खातो. भरपाईच्या कागदांसाठी एका ऑफिसात गेलो (नाव लिहीत नाही, कोणतं ते इथले बरेच जण ओळखतील), तर विचारतात माणूस दगावला का? जनावर दगावलं का? नाही ना, मग पंचनामा कशाचा? वीज पडल्याचा पुरावा आणा. आणि वरून लेखी दिलं की पाहणी होईपर्यंत कशालाही हात लावू नका. पाहणीला कोणी येईचना. पेशंट आत, व्हॅक्सिनचा फ्रीज आत, आणि आम्ही बाहेर ट्रॉलीवर भाड्याचा जनरेटर ठेवून रोजचं भाडं मोजत राहिलो, ते भाडं जळलेल्या कार्डाच्या किमतीच्या कितीतरी वर गेलं. शेवटी माणूस आला तो म्हणे हा लाइनचा दोष दिसतो, दुसऱ्या खात्याकडे जा, आणि दुसरं खातं म्हणे आमची लाइन तर एकदम ठीक होती. आजही ते आठवलं की माझं डोकं गरम होतं. काहून तर आजारी माणसं मधात अडकली होती.

म्हणून दादा, एक गोष्ट पक्की करा. पाहणीची वाट बघत बसू नका. त्याच दिवशी तारीख दिसेल असे फोटो काढा, जळलेलं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत सील करा, टेक्निशियनकडून सही-शिक्क्याचा रिपोर्ट घ्या आणि 'पेशंटची गैरसोय होऊ नये म्हणून दुरुस्ती करत आहोत, जळालेला भाग जपून ठेवला आहे' असा मेल सगळ्यांना एकाच वेळी पाठवून कामाला लागा. तुमच्या इन्शुरन्स पॉलिसीत काही वेगळी अट असेल तर ती आधी वाचा, मी वकील नाही.

खरेदीचं म्हणाल तर त्या चंदेरी पिशव्या आणि 'पल्स गार्ड' सोडून द्या. कुठल्याही चाचणीचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय कोणी 'ईएमपी-प्रूफ' म्हणत असेल तर त्याला पैसे देऊ नका, हे माझं ठाम मत आहे. पहिला पैसा अर्थिंगवर, सगळी अर्थ एकमेकांना जोडलेली हवी. दुसरा मेन पॅनेलमध्ये चांगल्या सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइसवर (विजेचा अचानक आलेला झटका अर्थमध्ये वळवणारं यंत्र), आणि त्याची वायर हातभर लांब गोल फिरवून लावू देऊ नका, जेवढी आखूड तेवढं बरं. हे आकाशातल्या विजेसाठी उत्तम आहे, ई-१ त्याहून कितीतरी वेगवान येतो, तिथं पूर्ण भरवसा देता येत नाही हेही सांगून ठेवतो. नेट आणि सीसीटीव्हीच्या वायरमधूनही सर्ज शिरतो, लोक तेवढीच विसरतात.

तिसरा पैसा सुट्या भागांवर. जनरेटरचा एक जादा कंट्रोलर, फ्रीजचं एक कार्ड, एक छोटा रेडिओ, हे सगळं पुठ्ठ्यात गुंडाळून घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, आतल्या वस्तूचा धातूला स्पर्श नको, झाकणाला फट नको. पत्र्याचा बिस्किटाचा डबा आणि झाकणाच्या कडेला अ‍ॅल्युमिनियमची टेप, कामचलाऊ म्हणून चालतं. त्या पिशव्यांपेक्षा स्वस्त पडेल. जनरेटर नवीन घेणार असाल तर मेकॅनिकल गव्हर्नर आणि हातानं चालू करायची सोय असलेला मिळतो का ते आधी विचारा.

आणि हो, गाड्या जागच्या जागी बंद पडतील हे व्हिडिओत दाखवतात ते जरा वाढवून आहे, अमेरिकेच्या ईएमपी आयोगानं गाड्यांवर चाचण्या केल्या तेव्हा बहुतेक गाड्या चालू राहिल्या. तसंच आपल्या 'काली'बद्दलचे फॉरवर्ड, ते बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्राचं) इलेक्ट्रॉन अ‍ॅक्सिलरेटर आहे, संशोधनाचं यंत्र, विमानं पाडायची तोफ म्हणून पुढे पाठवू नका.

एक विनंती मात्र आहे. आपत्ती व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असतो. त्यात 'आठवडाभर वीज आणि मोबाइल दोन्ही नाही' या स्थितीत हॉस्पिटल, लॅब अन् पाण्याचे पंप यांचं काय, हे लेखी विचारा. एकट्यानं विचाराल तर फाइल टेबलावर राहील, लॅबवाले चार-पाच जण मिळून सह्या करा, मी पण सही देतो. आणि तुमच्या जनरेटरचा केव्हीए (क्षमता), मेक आणि कंट्रोलरचं मॉडेल इथेच टाका, त्याचं जुनं मॅन्युअल पॅनेल बसतं का ते बघून सांगतो.