जर्मनीत ऑटिझम थेरपीचे पैसे नक्की कोण देतं? स्टुटगार्टला निघालेल्या एका बाबांना उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: स्टुटगार्टच्या कंपनीची ऑफर आली आहे, ब्लू कार्डावर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा परवाना) तिघांनी यायचा विचार आहे. मुलगा साडेचार वर्षांचा आहे, ऑटिझमचं निदान पुण्यात झालंय, आणि स्पीच, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), एबीए (वर्तनावर काम करणारी थेरपी) मिळून पगाराचा मोठा घास दर महिन्याला जातो. जर्मनीतला सरकारी आरोग्य विमा हा खर्च उचलेल का, हे तुम्हाला हवंय.

खर्च बहुतेक सगळा उचलला जाईल, पण सगळा विम्यातून नाही. इथे स्पीच थेरपीचे पैसे एका खात्यातून येतात, ऑटिझम सेंटरचे आणि शाळेतल्या सोबतीच्या माणसाचे दुसऱ्या. ‘कार्ड दाखवलं की झालं’ अशा समजुतीने येणारे पालक पहिलं वर्ष क्रांकेनकासेशी, म्हणजे आरोग्य विमा संस्थेशी, पत्रव्यवहार करण्यात घालवतात आणि पदरी काही पडत नाही. आम्ही न्यूर्नबर्गला राहतो, मुलगी आता इथल्या शाळेत जाते. तुमचं राज्य वेगळं असलं तरी मूळ कायदा सगळ्या देशाला एकच आहे.

आधी विमा कोणता घ्यायचा ते ठरवा, कारण ही गोष्ट विमानात बसण्याआधीच तुमच्या हातात आहे. पगार ठराविक मर्यादेच्या खाली असेल तर तुम्ही आपोआप सार्वजनिक विम्यात जाता. ही मर्यादा २०२५ साली वर्षाला ७३,८०० युरो होती आणि ती दरवर्षी बदलते. त्याच्या वर पगार असेल तर खाजगी विम्याचा पर्याय खुला होतो, आणि मग इंग्रजी बोलणारे एजंट मागे लागतात. हप्ता कमी, डॉक्टरची वेळ लवकर, दवाखान्यात वेगळी खोली. एकट्या तरुण माणसाला कदाचित परवडतही असेल. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. खाजगी कंपनी प्रत्येक मुलासाठी वेगळा हप्ता घेते, अर्जात आधीच्या आजारांबद्दल विचारते, आणि ऑटिझम वाचल्यावर नकार देऊ शकते किंवा हप्ता वाढवू शकते. निदान लपवलं आणि नंतर उघड झालं तर करार रद्द होतो, आणि इतक्या नोंदी असलेल्या मुलाच्या बाबतीत ते उघड होणारच. शिवाय खाजगीतून पुन्हा सार्वजनिकमध्ये येणं अवघड, पंचावन्न वर्षांनंतर तर जवळजवळ अशक्य.

सार्वजनिक विम्याचं याच्या अगदी उलट. मुलाला आधीपासून काय आहे हे ते विचारतच नाहीत, नाकारू शकत नाहीत आणि थांबायचा काळही नाही. हप्ता पगाराच्या १४.६ टक्के, वर प्रत्येक कासेचा, म्हणजे क्रांकेनकासेचा, थोडा जादा टक्का, आणि या दोन्हींतला निम्मा भाग कंपनी भरते. वहिनी नोकरी करत नसतील तर त्या आणि मुलगा दोघेही तुमच्याच विम्यात, वेगळा पैसा न देता. टेका, आओका, बार्मर या कासेंपैकी कुठलीही घ्या. काय द्यायचं हे बहुतांशी कायद्यानेच ठरलेलं आहे, त्यामुळे कुठली कासे ‘ऑटिझमला चांगली’ हे शोधण्यात वेळ दवडू नका. त्यापेक्षा मुलांचा डॉक्टर शोधा. व्हिसासाठी घेतलेला स्वस्त प्रवासी विमा नोकरी सुरू होईपर्यंतच चालवा. आधीचे आजार त्यात बहुधा वगळलेले असतात.

आता क्रांकेनकासे काय देते ते. डॉक्टर, निदानाच्या चाचण्या, लोगोपेडी म्हणजे आपली स्पीच थेरपी, आणि एर्गोथेरपी म्हणजे ओटी. मुलांच्या डॉक्टरने चिठ्ठी लिहायची, तुम्ही थेरपिस्ट शोधायचा, बिल परस्पर कासेकडे जातं. मोठ्या माणसांना दहा टक्के आणि चिठ्ठीमागे दहा युरो भरावे लागतात. अठरा वर्षांखालच्या मुलांना एक सेंटही नाही. पुण्यात दर सत्राला पैसे मोजलेल्या माणसाला पहिल्यांदा विश्वास बसत नाही. घोडं अडतं ते वेळ मिळण्यात. लोगोपेडीच्या जागा भरलेल्या असतात. एकाच वेळी पाचसहा ठिकाणी यादीत नाव घालून ठेवा, आणि सकाळी अकराची वेळ देत असतील तर घ्या. दुपारच्या वेळा शाळेच्या मुलांनी भरलेल्या असतात, सकाळी लहानग्यांना संधी असते.

निदानासाठी डॉक्टर तुम्हाला एसपीझेडकडे पाठवतील. बालरोग, मानसशास्त्र आणि थेरपी एका छताखाली असलेलं ते केंद्र. स्टुटगार्टला ओल्गा हॉस्पिटलमध्ये एक आहे, तिथले लोक त्याला लाडाने ओल्गेले म्हणतात. तिथली प्रतीक्षा महिन्यांत मोजायची, कुठे कुठे वर्षाच्याही वर जाते. पुण्याचं निदान इथे फेकून देत नाहीत, पण खर्च मंजूर करणाऱ्या कार्यालयाला बहुधा इथल्या तज्ज्ञाचा कागद हवा असतो, आणि त्यावर ऑटिझमचा, एफ ८४ ने सुरू होणारा कोड. म्हणून डॉक्टरची पहिली भेट झाली की त्याच आठवड्यात एसपीझेडचा अर्ज टाका.

खास ऑटिझमची थेरपी, म्हणजे ऑटिझम सेंटरमधली, क्रांकेनकासेच्या यादीतच नाही. ती येते आइनग्लिडरुंग्सहिल्फे नावाच्या मदतीतून. अपंग व्यक्तीला समाजात सहभागी होता यावं म्हणून दिली जाणारी सरकारी मदत. विम्याशी तिचा संबंध नाही. मुलाला ऑटिझमबरोबर बौद्धिक अपंगत्व असेल, म्हणजे बुद्ध्यांक साधारण सत्तरच्या खाली, तर पैसे देतं जर्मन सामाजिक संहितेच्या (सामाजिक मदतीच्या कायद्याच्या) नवव्या भागाखाली ही मदत देणारं खातं. आमच्या बायर्न राज्यात हे काम बेत्सिर्क, म्हणजे विभागीय प्रशासन, बघतात, तुमच्याकडे शहर किंवा जिल्हा. बौद्धिक अपंगत्व नसेल तर युगेंडआम्ट, म्हणजे बाल व युवक कार्यालय, आठव्या भागातल्या ३५ अ या कलमाखाली. शाळेआधीच्या वयात राज्याराज्यांत ही वाटणी थोडी बदलते. साडेचार वर्षांच्या न बोलणाऱ्या मुलाचा बुद्ध्यांक कसा मोजायचा, हा प्रश्न तुम्हाला पडेलच. मलाही अजून पडतो. पण खातं त्यावरून ठरतं हे खरं.

यात टोलवाटोलवी होते. हे म्हणतात त्यांच्याकडे जा, ते म्हणतात यांच्याकडे. त्यावर नवव्या भागातलं १४ वं कलम पाठ करून ठेवा: अर्ज ज्या कार्यालयात पोचला त्याने दोन आठवड्यांत तो योग्य जागी पाठवायचा, नाही पाठवला तर जबाबदारी त्याचीच. म्हणजे योग्य दार शोधणं हे कायद्याने तुमचं काम नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, तारीख जपा. फोनवर कुणी ‘तुम्हाला मिळणार नाही’ म्हणालं तर तो निर्णय धरू नका. लेखी नकार मागा.

परदेशी लोकांसाठी एक बारीक कलम आहे आणि एजंट ते सांगत नाहीत. नवव्या भागाच्या १०० व्या कलमानुसार ही मदत मिळवण्यासाठीच जो देशात आला, त्याला तिचा हक्क नाही. तुम्ही नोकरीसाठी येताय, करार आहे, ब्लू कार्ड आहे, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण व्हिसाच्या अर्जात, कंपनीला लिहिलेल्या पत्रात किंवा इथल्या कार्यालयात ‘मुलाच्या उपचारासाठी जर्मनी निवडली’ असं भावनेच्या भरात लिहू नका. ते खरं असेल तर मात्र येण्याआधी वकिलाशी बोला. मुदतीचा परवाना असलेल्यांच्या बाबतीत इथे दीर्घकाळ राहणार का हे पाहतात. कायम नोकरीचा करार तिथे उपयोगी पडतो. तुम्ही ऑस्ट्रेलियाचंही विचारलं होतं. तिथल्या व्हिसात कुटुंबातल्या माणसावर सरकारला किती खर्च येईल हे मोजतात आणि त्यावरून नकार देतात. जर्मन ब्लू कार्डाला अशी वैद्यकीय अट नाही.

तुमच्या मुलाच्या वयाला सगळ्यात जवळचं दार फ्र्यूफर्डरुंगचं. शाळेत जाईपर्यंतच्या मुलांसाठीची ही मदत, ज्यात थेरपी आणि विशेष शिक्षण एकत्र असतं, आणि खर्च क्रांकेनकासे आणि सरकारी खातं आपसात वाटून घेतात. पालकांचं उत्पन्न कितीही असो, शाळेआधीच्या या मदतीसाठी त्यांच्याकडून वाटा घेत नाहीत. युगेंडआम्टची घरी राहून घ्यायची थेरपीही तशीच. पहिल्या सल्ल्याला चिठ्ठी किंवा निदान लागत नाही, नुसता फोन करून वेळ मागता येते. इथे शाळा सहाव्या वर्षी सुरू होते, म्हणजे तुमच्याकडे दीडेक वर्ष आहे. एसपीझेडच्या तारखेची वाट पाहत हे दार उघडायचं थांबलात तर तेवढ्यात मुलगा शाळेच्या वयाचा होईल.

एबीएबद्दल स्पष्टच लिहिते, कारण यावरून आपल्या मंडळींत फार निराशा होते. पुण्यात रोज दोन-तीन तास थेरपी करणारी मुलं असतात. इथे ऑटिझम सेंटर आठवड्याला काही मोजके तास देतं. आठवड्याला वीस-तीस तास एबीएचे पैसे क्रांकेनकासे देत नाही आणि बाकीची खातीही सहसा देत नाहीत. या पद्धतीबद्दल इथल्या लोकांचं मतही विभागलेलं आहे. त्याऐवजी ते जोर देतात बालवाडीवर: मुलाने इतर मुलांमध्ये बसावं, आणि त्याच्याबरोबर मदतीला एक मोठं माणूस असावं. ते माणूसही आइनग्लिडरुंग्सहिल्फेतूनच येतं, पुढे शाळेतही. सुरुवातीला मला हे थेरपी टाळायचं निमित्त वाटायचं. आता वाटतं, घरी आल्यावर मुलीला नुसतं खेळायला वेळ उरतो हेही काही कमी नाही. तुमचं मत वेगळं असू शकेल, पण ‘तिकडचंच वेळापत्रक फुकटात’ असं गणित मांडून येऊ नका. ते जमणार नाही.

कागदांचं. निदानाचा अहवाल डॉक्टरच्या लेटरहेडवर, तारीख, चाचणीचं नाव आणि गुणांसह. एडीओएस ही ऑटिझमची चाचणी झाली असेल तर फार चांगलं, ती इथे ओळखतात. आयएसएए ही भारतातली मोजपट्टी इथे समजावून सांगावी लागते. विकासाच्या किंवा बुद्धिमत्तेच्या चाचणीचा अहवाल, प्रत्येक थेरपिस्टचं अलीकडचं प्रगतिपत्र, श्रवण तपासणी. इंग्रजी कागद डॉक्टर वाचतात, कार्यालयासाठी मुख्य अहवालाचं शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मन भाषांतर करून घ्या. लसीकरणाचं कार्ड विसरू नका. मार्च २०२० पासून बालवाडीत प्रवेशासाठी गोवराच्या लसीचा पुरावा सक्तीचा आहे. यूडीआयडी, म्हणजे भारतातलं अपंगत्वाचं कार्ड, असेल तर आणा, पण त्यावर इथे सवलत मिळत नाही. इथलं अपंगत्व ओळखपत्र वेगळं काढावं लागतं. त्यावर ‘एच’ (सतत मदतीची गरज असलेला) हे अक्षर मिळालं तर सार्वजनिक वाहतूक फुकट आणि आयकरात वर्षाला ७,४०० युरोची वजावट. निरामय हा भारतातला अपंगांसाठीचा आरोग्य विमा चालू असेल तर बंद करण्याआधी विचार करा, सुट्टीत पुण्याला याल तेव्हा किंवा परत जायची वेळ आली तर तो कामाला येईल.

फ्लेगेग्राड म्हणजे काळजीची श्रेणी, त्यावर दरमहा रोख रक्कम मिळते. २०२५ मध्ये दुसऱ्या श्रेणीला ३४७ युरो, तिसरीला ५९९. इथे मात्र वाट पाहावी लागते: गेल्या दहा वर्षांत दोन वर्षं विम्यात असणं आवश्यक, आणि मुलाच्या बाबतीत आईवडिलांपैकी एकाची दोन वर्षं धरतात. म्हणजे तुम्ही नोकरीला लागल्यापासून दोन वर्षांनी अर्ज. तपासायला माणूस घरी येतो आणि त्याच वयाच्या दुसऱ्या मुलापेक्षा तुमच्या मुलाला किती जास्त मदत लागते तेवढंच मोजतो. रात्रीचं उठणं, दार उघडून पळणं, दात घासताना लागणारी दोन माणसं, हे आधी काही आठवडे वहीत उतरवा. आपल्याकडे आलेल्या पाहुण्यासमोर मुलाचं कौतुक करायची सवय असते; त्या दिवशी ती आवरा.

नकार आला तर एक महिन्याच्या आत लेखी हरकत घ्यायची असते. मला एका कार्यालयाने पहिल्या अर्जाला वाटाण्याच्या अक्षता लावल्या, हरकतीनंतर तेच मंजूर झालं, आणि हे इथे नवलाचं नाही. व्हीडीके या संघटनेचे सभासद झालात तर माफक वर्गणीत त्यांचे वकील कागद लिहून देतात. ईयूटीबी नावाची मोफत सल्ला केंद्रं आहेत, ती कुठल्याही खात्याच्या बाजूची नसतात. पहिला अर्ज भरायला तिथेच जा.

भाषेचं ओझं कमी समजू नका. कार्यालयीन भाषा जर्मनच, आणि डॉक्टरकडे दुभाषा नेला तर त्याचे पैसे कासे देत नाही. तुम्ही ऑफिसात इंग्रजीत असाल, सगळे फोन वहिनींच्या वाट्याला येतील, म्हणून जर्मनचा वर्ग त्यांनी आत्ताच लावावा. घरी मराठी मात्र सोडू नका. ‘गोंधळ होईल, घरी जर्मनच बोला’ असा सल्ला कुणी देईलच. आमच्या लोगोपेडिनने उलट सांगितलं होतं: आईला जी भाषा सहज येते तीच बोला, जर्मन मी बघते. आमची मुलगी आज आजीशी फोनवर मराठीत हट्ट करते.

ऑफरमधला वर्षाचा ढोबळ पगार मर्यादेच्या वर आहे की खाली ते कळवा, म्हणजे विम्याचा पर्याय तुम्हाला आहे का ते सांगते. आणि वहिनींनाही नोकरी करायची असेल तर तेही लिहा, कारण दोघांपैकी एक खाजगीत गेला तर मुलाच्या मोफत विम्याचं गणित बदलतं.