सर्व्हर सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलेशन सूचनांमध्ये चूक सापडली आहे, पण मी प्रोग्रॅमर नाही. दुरुस्ती सुचवावी का, आणि कशी?

सुचवाच. प्रोग्रॅमर नसणं इथे तुमच्या पथ्यावरच पडतं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या मशीनवर सगळं कधीच बसलेलं असतं, स्वतःच्याच सूचना वाचून ते पुन्हा कशाला इन्स्टॉल करतील? कोऱ्या मशीनवर पहिल्या ओळीपासून ठेचकाळत जाणारे तुम्ही. त्यामुळे खड्डा तुम्हालाच दिसणार.

तुम्ही लिहिलंय की पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये डेटाबेस आणि युजर तयार केला, दिलेल्या ओळी जशाच्या तशा चालवल्या, तरी 'परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक' असा, म्हणजे 'पब्लिक' नावाच्या स्कीमामध्ये (डेटाबेसमधला टेबलं ठेवायचा कप्पा) परवानगी नाही असा एरर येतो. दुसऱ्या एका सॉफ्टवेअरच्या सूचनांमध्ये मी नेमकी इथेच अडकले होते. आणि मी पाठवलेली पहिली दुरुस्ती चुकीची निघाली, म्हणून ती जरा सविस्तर सांगते.

पोस्टग्रेसची १५वी आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. तोवर 'पब्लिक' स्कीमामध्ये टेबल तयार करायची मुभा कोणत्याही युजरला आपोआप असे, ती या आवृत्तीपासून काढून घेतली. जुन्या सूचनांमधली 'ग्रँट ऑल प्रिव्हिलेजेस ऑन डेटाबेस' ही ओळ ऐकायला मोठी दणदणीत, पण तिने मिळतं काय? डेटाबेसला जोडणी करता येते, नवा स्कीमा आणि तात्पुरती टेबलं बनवता येतात. आधीपासून असलेल्या पब्लिक स्कीमामध्ये काही करायचा हक्क ती देतच नाही. पूर्वी ते दार सताड उघडं होतं, म्हणून ओळ अपुरी असल्याचं कुणाला कळलं नाही. सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मेंटेनरांनाही नाही, कारण जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड केलेल्या डेटाबेसमध्ये जुन्या परवानग्या तशाच राहतात.

मी काय केलं, तर 'ग्रँट ऑल ऑन स्कीमा पब्लिक' अशी एक ओळ जोडली. माझ्याकडे चाललं. पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारा अशी विनंती) पाठवली आणि कौतुकाची वाट बघत बसले. तिकडून एकच प्रश्न आला: ही ओळ चालवताना तुम्ही कोणत्या डेटाबेसमध्ये होता? झालं! स्कीमावरचा ग्रँट ज्या डेटाबेसमध्ये बसून चालवाल तिथेच लागू होतो. खटपट करता करता मी आधीच अ‍ॅपच्या डेटाबेसमध्ये शिरले होते. सूचना वाचणारा माणूस मात्र 'पोस्टग्रेस' नावाच्या मूळ डेटाबेसमध्येच असणार. त्याच्याकडेही ओळ बिनतक्रार चालली असती, आणि पुढे अ‍ॅप तसंच कोसळलं असतं.

शेवटी जे स्वीकारलं गेलं त्यात ओळी वाढल्या नाहीत, एक कमीच झाली: आधी युजर तयार करायचा, मग डेटाबेस तयार करतानाच 'ओनर' म्हणून त्या युजरचं नाव द्यायचं. १५पासून पब्लिक स्कीमा डेटाबेसच्या मालकाच्या हाती असतो, आणि जुन्या आवृत्त्यांवरही हे बिनदिक्कत चालतं.

तेव्हापासून मी दुरुस्ती पाठवण्याआधी कोरं व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आतच चालणारा वेगळा संगणक) उभं करते आणि पानावर आहे तेवढंच, माझ्या बदलासकट, वरून खाली चालवते. मनातली एकही पायरी घालायची नाही. कंटाळवाणं काम आहे, पण अर्ध्याअधिक 'दुरुस्त्या' इथेच गळून पडतात.

बाकी संशयित नेहमीचेच. ओळ कॉपी करताना सरळ अवतरणचिन्हांची वळणदार झाली का, दोन हायफनचा एक लांब डॅश झाला का, ते बघा. तसं असेल तर कमांड बरोबर आहे, पानाची मांडणी चुकली आहे, आणि ओळ कोड ब्लॉकमध्ये (मजकूर जसाच्या तसा दाखवणाऱ्या चौकटीत) टाकणं एवढीच दुरुस्ती. 'सुडो इको' लिहून पुढे बाणाने फाइलमध्ये मजकूर ढकलला असेल तर परवानगी नाकारली जाणारच, कारण सुडो, म्हणजे वरिष्ठ हक्कांनी कमांड चालवणं, फक्त मजकूर छापणाऱ्या इकोपुरता असतो, फाइल उघडतो तो तुमचा साधा शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम). लिहिणारा रूट (सगळे हक्क असलेला युजर) होऊन बसलेला असतो, त्याला हे जाणवत नाही. तिथे 'सुडो टी' वापरतात. आणि पान तुमच्याच आवृत्तीचं आहे ना? पुष्कळदा आपण पुढच्या, अजून न आलेल्या आवृत्तीच्या सूचना वाचत असतो.

एक विनंती. 'चमॉड ७७७ केल्यावर चाललं' (म्हणजे फाइल सगळ्यांना सगळ्यासाठी खुली केली) हे कळवायला हरकत नाही, पण ते दुरुस्ती म्हणून पाठवू नका. ते पानावर गेलं की शेकडो सर्व्हरवर जाईल.

पाठवताना ऑपरेटिंग सिस्टिम आणि पोस्टग्रेसची आवृत्ती, अडलेली ओळ, आलेला एरर अक्षरशः, आणि त्याऐवजी काय चाललं, एवढं लिहा. गिट (बदलांची नोंद ठेवून ते पाठवायचं साधन) येत नसेल तर हेच इश्यू, म्हणजे अडचणीची नोंद, म्हणून टाका. तीच ओळ रीडमीमध्ये (ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये) किंवा एखाद्या स्क्रिप्टमध्येही आहे का, ते रिपॉझिटरीत, म्हणजे सॉफ्टवेअरच्या सगळ्या फाइल असतात तिथे, शोधून सांगितलंत तर मेंटेनर आशीर्वाद देतील. आणि वाचताना खटकलेलं व्याकरण त्याच पुल रिक्वेस्टमध्ये सुधारू नका. खरा बदल त्या गर्दीत हरवतो आणि तपासणारा वैतागतो.

तुमचा आत्ता बनलेला डेटाबेस १५ किंवा पुढच्या आवृत्तीवर तयार केला असेल तर पुसायची गरज नाही. पोस्टग्रेसच्या अ‍ॅडमिन युजरने 'ऑल्टर डेटाबेस', डेटाबेसचं नाव, 'ओनर टू' आणि युजरचं नाव अशी ओळ चालवा आणि इन्स्टॉलेशन अडलं होतं तिथून पुढे न्या.