तुंबणारी मोरी आणि अ‍ॅसिडचा सल्ला

प्रश्न : आम्ही सांगलीत विश्रामबागेत एका अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. गेले तीन महिने बाथरूमची मोरी सारखी तुंबते आणि दुसरी बादली संपेपर्यंत पाणी घोट्याला लागते. सोडा-व्हिनेगर, उकळते पाणी, बाजारातली पावडर असे सगळे करून झाले. चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. शेजारचे काका अ‍ॅसिड ओतायला सांगतात. ओतावे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : अ‍ॅसिड मुळीच ओतू नये. मोरी साफ करण्याच्या पावडरींमध्ये बहुधा कॉस्टिक सोडा असतो आणि त्याचा अंश ट्रॅपमध्ये, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भागात, शिल्लक असताना वरून अ‍ॅसिड पडले, तर मिश्रण तापून, उसळून तोंडावर उडू शकते. ब्लीचिंग पावडर असेल, तर क्लोरीन वायू सुटतो. उकळते पाणीही थांबवावे, कारण पीव्हीसीचे पाइप त्याने नरम पडतात. सोडा आणि व्हिनेगर तर एकमेकांचाच परिणाम मारतात. फेस दिसतो तेवढाच.

प्रथम दोष कोणाचा, हे पाहावे. आपण पाणी वापरत नसताना, वरच्या मजल्यावरचे लोक आंघोळ करू लागले की आपल्या मोरीत पाणी वर येत असेल, तर सामाईक पाइप तुंबलेला आहे आणि तो सोसायटीने साफ करून घ्यायला हवा. तसे नसेल, तर गाठ आपल्याच नहाणी ट्रॅपमध्ये आहे.

ती गाठ केसांची असते. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो, डोक्याचे तेल त्यात मिसळते आणि केसांच्या जाळ्यावर त्याचे थर चढत जातात. पावडर या गुंत्यातून जेमतेम वाट पाडते, गुंता मात्र तिथेच राहतो. आपले ‘चार दिवस’ ते हेच. म्हणून तो विरघळवत बसण्यापेक्षा ओढून काढावा. पावडर टाकून एकदोन दिवस झाल्यावर, भरपूर साधे पाणी सोडून, रबरी हातमोजे घालून जाळी उचलावी. काही जाळ्यांखाली उपड्या वाटीसारखा भाग असतो, तोही काढावा. आत पाणी दिसेल ते तुंबलेले नव्हे. दुर्गंधी अडवण्यासाठी ट्रॅपमध्ये सुमारे ५० मिलिमीटर पाणी राहायलाच हवे. टोकाला आकडा केलेली जाड तार ट्रॅपच्या तोंडाशी फिरवली, की भिजलेल्या सुतळीसारखी राखाडी, बुळबुळीत लड हाती येते. ती दोन-तीन वेळा येते, पहिल्या लडीवर समाधान मानू नये.

तरीही पाणी अडत असेल, तर रबरी प्लंजर, म्हणजे दांड्याला लावलेली रबरी वाटी, वापरावा. इथे बहुतेकांची एक चूक होते आणि दोष प्लंजरला मिळतो. आपल्याकडे बेसिनचे पाणी बहुधा त्याच ट्रॅपमध्ये सोडलेले असते, त्यामुळे मोरीवर दिलेला दाब बेसिनमधून निसटून जातो. बेसिनचे तोंड आणि त्याचे ओव्हरफ्लोचे छिद्र ओल्या फडक्याने घट्ट बंद करून, प्लंजरचा रबर बुडेल इतके पाणी ठेवून, पंधरा-वीस वेळा जोराने खालीवर करावे. एवढ्यानेही वाट मोकळी झाली नाही, तर अडथळा ट्रॅपच्या पुढे, आडव्या पाइपात आहे. तिथे प्लंबरची लांब स्प्रिंगच लागते, आणि त्याला बोलावताना आपण पावडर टाकली होती हे आधी सांगावे.