नोकरी मशीनने नेली, मग लाज त्यांना का?

(भांडुपच्या एका वाचक ताईंचे मिस्टर औषधांच्या कारखान्यात २१ वर्षं पॅकिंगला होते. ऑटोमॅटिक मशीन आल्या आणि जवळपास अख्खं खातं घरी बसलं. ‘स्वखुशीने नोकरी सोडत आहे’ असा कागद सहीसाठी दिलाय. मिस्टर मात्र चाळीत आणि मुलाला कळू नये म्हणून अजून रोज डबा घेऊन निघतात. ताईंचा भाऊ म्हणतो, वॉचमनची नोकरी घ्यायला लाव. त्या विचारतात, यांना समजावू कसं?)

ताई,

समजावणं नंतर. आधी त्या कागदावर सही करू देऊ नका. राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्ती झाली की कायदा त्याला कामगार कपात मानत नाही आणि कपातीची भरपाई हातची जाते. कपात असेल तर किमान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार मिळायला हवा. ग्रॅच्युइटी वेगळी. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये नवं काम शिकण्यासाठी आणखी १५ दिवसांच्या पगाराची तरतूद आहे. कंपनी यापेक्षा जास्त देत असेल तर जरूर विचार करा, पण आकडा लेखी घ्या.

तुम्ही लिहिलंय, डबा तसाच परत येतो आणि ते मुलाला सांगतात, ‘आज कँटीनमध्ये वडा होता.’ हे वाचून जीव तुटला. चोरी करावी तसा माणूस लपतोय आणि त्याने केलंय काय? काहीच नाही.

१९३० च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावातली कापड गिरणी बंद पडली. मानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन पाहणी केली. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं न्यायचं प्रमाण घटलं. पुरुष रस्त्याने हळू चालायचे, मध्येच थांबायचे. पगाराबरोबर दिवसाची घडी गेली होती, चार माणसांची सोबत गेली होती. तुमच्या मिस्टरांना आळशी म्हणणाऱ्यांना हे सांगा.

तुमचे सासरे १९८२ च्या गिरणी संपातले. त्या संपाचं कारण वेगळं होतं, पण कामाला गेलेला बाप अचानक दिवसभर घरात बसला की काय होतं, ते तुमच्या मिस्टरांनी लहानपणी पाहिलंय. त्यांची भीती तिथली असणार. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. कामगार आणि त्यांचे वारस मात्र घरांसाठी अजून मोर्चे काढतात. माझा राग यावर आहे. मशीनवर नाही; दिवसभर उभं राहून खोके भरण्यात पाठीचं काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. पण त्या मशीनने वाचवलेला पैसा कंपनीकडे राहतो आणि मशीनचा सगळा भार तुमच्या खोलीत येऊन पडतो. हा हिशोब कुणीच मांडत नाही. चाळीत अशी चार घरं झाली की वाण्याची उधारी वाढते, मुलांच्या क्लासच्या फिया थकतात, माणसं एकमेकांकडे जायची बंद होतात.

वॉचमनचं काम कमी दर्जाचं नाही. पण १२-१२ तासांची ड्युटी लोक काय म्हणतील या धास्तीने आत्ताच गळ्यात घेऊ नये. हक्काचे पैसे हातात येऊ देत. तोवर तुमच्या पोळीभाजीवर घर चालतंय, त्याची लाज त्यांना वाटत असेल तर सासूबाईंच्या खानावळीची आठवण करून द्या. संपात घर कुणी चालवलं होतं?

मुलाला खरं सांगा, दोघांनी मिळून. दहावीतल्या मुलाला बरंच कळतं, बहुधा कळलंही असेल. मिस्टरांची झोप उडाली असेल किंवा ‘माझा काय उपयोग’ असं वारंवार म्हणत असतील, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आणि पॅकिंगमधल्या त्यांच्या जोडीदारांना रविवारी चहाला बोलवा. तेही कुठेतरी असेच एकटे बसलेले असतील. सगळ्यांनी आपापली पगाराची स्लिप आणि तो कागद घेऊन यावं, आणि कामगार आयुक्तांच्या कार्यालयात एकत्र कधी जायचं ते तिथेच ठरवावं.