मला चढत नाही, मॅडम

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की एक वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हमखास ऐकू येतं. "पिऊ नका म्हणत नाही हो, पण पिऊन गाडी तरी चालवू नये, हे यांना कसं सांगू?" कधी बायको असते, कधी आई. एकदा तर जावयाच्या काळजीनं सासरे आले होते. गटारीच्या आधीही असे फोन येतात, पण थर्टी फर्स्टची सर त्याला नाही.

त्यातली एक गोष्ट सांगते. ओळख लागू नये एवढे तपशील बदलले आहेत.

नाशिककडचे गृहस्थ, चाळिशीचे, कृषी सेवा केंद्र चालवणारे. रोज पिणारे नव्हेत. महिन्यातून एकदा मित्रांबरोबर 'बसायचं', आणि थर्टी फर्स्टला गंगापूर धरणाच्या बाजूला मित्राच्या फार्महाउसवर, बायका-पोरांसकट. आधी बायको एकटीच आली.

"दंड सांगून पाहिला. पहिल्यांदा सापडलं तरी दहा हजार, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत आत, नाहीतर दोन्ही. तर म्हणतात, नाकाबंदी कुठे असते ते मला पाठ आहे."

"हे बोलणं कधी होतं तुमचं?"

"तिथेच. गाडीपाशी. रात्री एकला."

म्हणजे चार मित्रांदेखत. त्या वेळी किल्ली दिली की 'याला चढली' हे कबूल केल्यासारखं होतं, आणि तेवढं कबूल करायला आपल्याकडे पुरुष तयार नसतो. मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या वाटेनं जाणारी, माणसाच्या बोलण्यातले हट्टाचे 'च' मोजते. 'मला चढतच नाही', 'गाडी मीच चालवणार' हे त्यांचे. पण तिचाही एक होता: 'यांनी सोडलीच पाहिजे.' दोन 'च' समोरासमोर आले की बोलणं संपतं, भांडण उरतं. तिला म्हटलं, पिणं हा एक प्रश्न आणि गाडी हा दुसरा. आधी गाडीचा सोडवू. तिला ते पटायला दोन भेटी लागल्या.

मग ते आले, हातांची घडी घालूनच.

"मॅडम, मला चढत नाही. तरी गेल्या वर्षी हिनं तमाशा केला म्हणून पुतण्याला गाडी दिली. आणि सकाळी सातला मीच सगळ्यांना सप्तशृंगी गडावर घेऊन निघालो. एकदम फ्रेश!"

मी कागद पुढे केला. "किती झाली होती?"

"चार लार्ज. आधी एक स्ट्राँग बिअर."

"लहान पेग 30 मिलीचा. त्यात साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल. लार्ज म्हणजे दोन. 8 टक्क्यांची 650 मिलीची बाटली म्हणजे चार लहान पेग. मांडा."

माणूस व्यापारी. पटकन आकडा लिहिला: बारा पेग, 120 ग्रॅम.

"ही उधारी समजा. शरीर ती तासाला सात ते दहा ग्रॅमनं फेडतं. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ, उलटी, कशानंही हप्ता वाढत नाही. पोटभर जेवलात तर चढायला वेळ लागतो, पण म्हणून ती लवकर उतरत नाही. बसलात किती वाजता?"

"नऊला."

दहाच्या हप्त्यानं धरलं तरी नऊ अधिक बारा. त्यांनी घड्याळाचे आकडे बोटांवर मोजले, पुन्हा मोजले. मग पेनचं टोपण काढलं, लावलं. मी काही बोलले नाही. बोलण्याचा मोह मला फार होतो, पण अशा वेळी गप्प बसणं मी वीस वर्षांत शिकले आहे.

"म्हणजे गडाच्या वाटेवर, नांदुरीच्या घाटात..." ते थांबले. "पोरगी पुढच्या सीटवर होती."

कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, हे त्यानंतर सांगितलं. तोवर त्याची गरज उरली नव्हती. खरं वळण त्या टोपणाशी आलं होतं. चढली की नाही हे ज्या मेंदूला विचारायचं, पहिला घोट त्यालाच लागतो. म्हणून मी 'किती प्यायलात' हा प्रश्नच सोडून दिला आहे. प्रश्न 'किल्ली कुणाकडे' एवढाच, आणि तोही पहिला ग्लास भरायच्या आधी.

मात्र हा हिशेब घेऊन कुणी 'आता चालवायला हरकत नाही' असं ठरवू नये. वजन, बाई की पुरुष, औषधं, यकृत यांनी तो बदलतो. किती वेळ थांबायचं हे कळायला तो बरा; निघायची परवानगी म्हणून नाही. घरच्यांनी विषय काढायचा तो 28-29 तारखेला, चहा घेताना. परतीची गाडी आणि चालवणारा तेव्हाच ठरवा, नाहीतर तिथेच झोपायची सोय करा. जो चालवणार त्याला 'एकानं काय होतंय' म्हणणाऱ्या यजमानाला तिथल्या तिथे टोका. आणि तरीही पिऊन कुणी स्टिअरिंगवर बसलाच, तर तुम्ही आणि मुलं गाडीत बसू नका. वाईटपणा आला तर येऊ द्या. 'दोनच घेईन' म्हणून दर वेळी सहावर जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला किल्लीचा उपाय पुरत नाही, व्यसनमुक्तीच्या माणसांकडे न्यावं लागतं.

या वर्षी तिचा मेसेज आला, एकतीसला संध्याकाळी: "किल्ली देवघरात ठेवून रिक्षानं निघालोय. गडावर दोन तारखेला. दीर मात्र बुलेट घेऊनच आलेत, त्यांच्यासाठी वेळ मिळेल का?"