नवं संशोधनपर पुस्तक घ्यावं की नाही, हे परीक्षण वाचून कसं ठरवायचं?

मलपृष्ठावरची स्तुती आधी सोडून द्या. ती बहुधा प्रकाशकानेच मागवलेली असते. वर्तमानपत्रातलं परीक्षण लवकर येतं, पण त्यात सारांशच जास्त. खरी झाडाझडती संशोधन-नियतकालिकांत होते, आणि तिला वर्ष-दोन वर्षं सहज लागतात. (प्रथा जुनीच आहे: पॅरिसमध्ये १६६५ साली सुरू झालेलं 'जुर्नाल दे साव्हाँ' हे नियतकालिक नव्या ग्रंथांची दखल घेत असे.) मी परीक्षणात एकच बघतो: परीक्षकाने तळटीपा आणि मूळ साधनं तपासलीत का? 'अमुक प्रकरणातला पुरावा निष्कर्षाला पुरत नाही' असं एक वाक्य दहा वेळच्या 'मौलिक ग्रंथ'पेक्षा कामाचं. अशा परीक्षणाची वाट बघणं शक्य नसेल तर प्रस्तावना आणि संदर्भसूची चाळा. लेखकाने काय वाचलंय ते तिथेच कळतं.